पेंटरचं बोट

हॉलमध्ये मुंगी शिरायलाही जागा नव्हती. आधी खुर्च्या भरल्या, मग भिंती भरल्या, मग खिडक्यांबाहेर नुसती डोकी दिसायला लागली. जो तो आपलं माणूस घेऊन आला होता. कुणाचं मूल जन्मापासून मुकं, कुणाच्या आजोबांची वाचा झटक्यानं गेलेली, कुणाची बहीण अपघातापासून नुसती टकामका बघणारी. समोर स्टेजवर पांढऱ्याशुभ्र कपड्यांत वाणीमाई बसली होती.

"आत्म्याला जीभ लागत नाही, बाळांनो!" वाणीमाई माइकवर म्हणाली. आवाज असा गोड, की ऐकणाऱ्याला तहान लागावी. "जीभ गेली तरी वाणी जात नाही. ती बोटात उतरते! मी कोण? मी काहीच नाही. मी हाताखालची उशी!"

आता उशी म्हटली की ती गप पडून राहायला हवी. पण ही उशी ज्या हाताखाली जाई, तो हात बरोबर अक्षरावर जाऊन थांबे, हे बघायला कुणाला सवड होती?

"आज पहिले आपले पेंटरकाका!" सेविकेनं पुकारलं आणि टाळ्या पडल्या.

पेंटरकाकांना दोघांनी धरून वर आणलं. उजवा हात लुळा, उजवा पाय फरफटणारा, तोंड एका बाजूला ओढलेलं. समोर टेबलावर अक्षरांचा मोठा तक्ता उभा केलेला होता. वाणीमाईनं त्यांचा डावा हात उचलला, मनगट आपल्या तळव्यावर घेतलं, त्यांचं बोट सरळ केलं आणि डोकं किंचित कलतं करून तक्त्याकडे बघितलं. बोट चालू लागलं. एक अक्षर, दुसरं अक्षर. सेविका मोठ्यानं वाचू लागली.

"मी... तुला... कधी... सांगितलं... नाही..."

हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही.

"...पण... तू... होतीस... म्हणून... माझं... घर... होतं."

पहिल्या रांगेत बसलेल्या पेंटरच्या बायकोनं रुमाल तोंडावर धरला. तिच्या शेजारी तिचा भाऊ हमसाहमशी रडला, त्याच्यामागची रांग रडली. वाणीमाईनंही डोळ्याच्या कडेला बोट लावलं. तिसऱ्या रांगेत बसलेली पेंटरची मुलगी तेवढी रडत नव्हती. ती बापाच्या डोळ्यांकडे बघत होती, आणि बाप छताच्या पंख्याकडे बघत होता.

या मुलीला घरात टकळी म्हणत. लहानपणी तिची बडबड एकदा सुरू झाली की थांबायचं नाव घेत नसे, म्हणून बापानंच ते नाव ठेवलं होतं. पुढे ती विद्यापीठात वाचा-उपचार शिकायला गेली, तेव्हा नातेवाइकांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. "बोलायला शिकवायची पदवी?" मामा म्हणाला होता. "अगं, आमच्या आजीनं घरभर पोरांना बोलायला शिकवलं, तिला कुणी काळा झगा घातला नाही! आणि तुला काय, परीक्षा न घेताच पास करतील!"

टकळी हसली होती आणि गेली होती. तिथं ती घशाचे स्नायू आणि जिभेच्या नसा पाठ करायची, स्वरयंत्राचं प्लास्टिकचं मॉडेल उघडून पुन्हा जोडायची. काचेमागच्या अंधाऱ्या खोलीत बसून मॅडम रुग्णांशी कसं बोलतात ते बघायची. सगळ्यात अवघड गेलं ते गप्प बसणं. अडखळणाऱ्या पोराचं वाक्य ती आपणच पुरं करून टाकायची. मग मॅडम म्हणायच्या, "प्रश्न विचारलास ना? आता थांब. उत्तर त्याचं आहे, तुझं नाही."

ती तिसऱ्या वर्षाला असताना बाप शिडीवरून खाली कोसळला. चपलांच्या दुकानाची पाटी अर्धी रंगवून झाली होती. पडल्यामुळे झटका आला नव्हता, झटका आला म्हणून तो पडला होता. शहरातल्या निम्म्या दुकानांची नावं त्याच्या हातची. पण माणूस भलता अबोल. दिवसभर दुसऱ्यांचे शब्द रंगवायचा, घरी आला की स्वतःचा एकही खर्च करायचा नाही. ताट चाटूनपुसून ठेवलं, की जेवण आवडलं असं बायकोनं समजून घ्यायचं.

झटक्यानंतर त्याच्याकडे दोनच शब्द उरले. "हो ना." भूक लागली की हो ना, दुखलं की हो ना, रागावला तरी हो ना. डॉक्टरांनी वाचाघात म्हणून सांगितलं आणि टकळीनं घरी समजावलं, "नुसतं बोलणं गेलं नाहीये. शब्दच हरवलेत. वाचणं, लिहिणं, दुसऱ्याचं बोलणं कळणं, सगळ्यालाच धक्का बसलाय. हळूहळू काही परत येईल. किती येईल ते आत्ता सांगता येत नाही."

हे कुणालाच पटलं नाही. दुसऱ्या एखाद्या घरात पटलंही असतं, पण हे पेंटरचं घर होतं. मामा म्हणाला, "जन्मभर अक्षरं काढणाऱ्या माणसाची अक्षरं कशी जातील? ती भाऊजींच्या डोक्यात नव्हतीच मुळी, बोटात होती!" घरातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. बोलणं इतकं बिनतोड होतं, की मामानं लगेच वाणीमाईचा पत्ता काढला. पहिल्याच दिवशी बोटानं लिहिलं, "मी आत आहे." टकळीची आई तिथंच मटकन खाली बसली.

मग दर आठवड्याला जाणं सुरू झालं. बोट बायकोशी बोललं, मेहुण्याशी बोललं, एकदा टकळीशीही बोललं: "टकळे, मला तुझा अभिमान वाटतो." आणि खरं सांगायचं, तर त्या दिवशी टकळीसुद्धा घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडली. तीन वर्षांचं पुस्तकी ज्ञान एका वाक्यात वाहून गेलं. बाप शुद्धीत आहे आणि आपल्याला ओळखतो, हे कुठल्या मुलीला नको असेल? शिकलेल्या माणसाला भूल पडत नाही, असं समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पण पुढच्या एका भेटीत बोट म्हणालं, "दवाखाना नको. तिथं मला लहान मूल समजतात." दुसऱ्या दिवसापासून उपचार बंद झाले. झटक्यानंतरचे पहिले महिने फार मोलाचे असतात, तेव्हाच मेंदू नव्या वाटा शोधत असतो, हे टकळीनं परोपरीनं सांगितलं. "ते स्वतः नको म्हणतायत," आई म्हणाली, "त्यांच्याहून तुला जास्त कळतं?" म्हणून टकळी या वेळी रडायला नव्हे, बघायला बसली होती. आणि तिला पंखा दिसला. पाटी रंगवताना जो माणूस हाक मारली तरी अक्षरावरून नजर काढत नसे, तो तक्त्याकडे न बघता अक्षरं दाखवत होता.

दुसऱ्या दिवशी तिनं मॅडमना सगळं सांगितलं. मॅडमनी तिला समोर बसवलं, तिचं मनगट आपल्या तळव्यावर घेतलं आणि टेबलावर पेला, पेन आणि किल्ल्या ठेवल्या.

"हात सैल सोड. आता यातलं काय मागायचं, ते मी मनात धरते."

टकळीचा हात हळूच सरकला आणि पेनपाशी थांबला. आपण तो सरकवला नाही, एवढं तिला नक्की ठाऊक होतं.

"मी मनात पेनच धरलं होतं. ढकललं का मी?" मॅडमनी विचारलं.

"कळलं नाही."

"मलाही नीट कळलं नाही. आधार देणाऱ्याचं मन जिकडे जातं, तिकडे त्याचा हातही जातो. मुद्दाम करावं लागतं असं नाही."

"म्हणजे ती बाई लबाड नाहीये?"

"तपासू दिलं, तर नुसती चूक. तपासून खोटं निघाल्यावरही चालू ठेवलं, तर लबाडी. तुझ्या बाबांना आणि त्या बाईला वेगवेगळी चित्रं दाखव, एवढं पुरे." मॅडमनी किल्ल्या उचलल्या. "पण आधी आईशी बोल. यात तुझ्या आईचं काय जाणार आहे, ते कळतंय ना तुला?"

ते कळत होतं, म्हणूनच टकळी त्या दिवशी लांबच्या रस्त्यानं घरी गेली.

आई स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. टकळीनं एका दमात सांगून टाकलं. आईची सुरी थांबली नाही.

"इतकी वर्षं संसार केला," आई म्हणाली, "चांगलं म्हणाले नाहीत, वाईट म्हणाले नाहीत. मला वाटायचं, भिंतीशी लग्न लावून दिलंय माझं. आता कुठं भिंत बोलायला लागली, तर तू म्हणतेस, आवाज शेजारच्या घरातून येतोय."

"आई, खरं असेल तर तपासल्यावरही खरंच राहील ना?"

"आणि नसेल तर?" आईनं सुरी खाली ठेवली. "तू सकाळी कॉलेजात निघून जाशील. त्या माणसासमोर दिवसभर मी बसणार आहे."

जन्मात पहिल्यांदा तिची टकळी बंद पडली. मग आईच म्हणाली, "त्यांना दवाखान्यात नेऊन खरंच काही फरक पडेल?"

"थोडा पडेल. पहिल्यासारखे नाही होणार."

"मग कर काय करायचं ते. पण माझ्यासमोर कर."

पुढच्या सभेत टकळी उभी राहिली आणि बाबांना चित्रं ओळखायला द्यायची परवानगी तिनं मागितली. वाणीमाई प्रसन्न हसली. "घ्या, शंका घ्या, बाळांनो! आत्मा परीक्षेला भीत नाही! आत्मा तर सगळ्या परीक्षांच्या पलीकडे पास होऊन बसलाय!"

टकळीनं जाड पुठ्ठे मधोमध दुमडून आणले होते. टेबलावर उभा केला की पुठ्ठ्याची एक बाजू बाबांना दिसे, दुसरी वाणीमाईला. चित्रं बाबांच्याच रंगांनी काढलेली. पहिल्या पुठ्ठ्यावर दोन्हीकडे खुर्ची होती. बोटानं लिहिलं, "खुर्ची." टाळ्या. दुसऱ्यावर दोन्हीकडे छत्री. "छत्री." आणखी टाळ्या. मामानं मागे वळून लोकांकडे असं बघितलं, जणू छत्री त्यानंच काढली होती.

तिसरा पुठ्ठा उभा राहिला. बोट जरा रेंगाळलं आणि मग झरझर चाललं. "घड्याळ," सेविकेनं वाचलं. हॉलनं टाळ्यांचा कडकडाट केला.

टकळीनं पुठ्ठा उचलून लोकांकडे फिरवला. वाणीमाईच्या बाजूला घड्याळ होतं. बाबांच्या बाजूला रंगाचा ब्रश होता.

"बाबांना घड्याळ दिसलंच नव्हतं," टकळी म्हणाली. "घड्याळ फक्त यांना दिसत होतं."

टाळ्या मधेच विरल्या. पण वाणीमाई काय कच्च्या गुरूची चेली नव्हती. "अहाहा!" ती म्हणाली. "ब्रश बघितला आणि आत्मा म्हणाला, ब्रशची वेळ संपली! वेळ! घड्याळ! समजतंय का, बाळांनो, केवढं खोल गेले काका!"

आणि खोटं वाटेल, पण लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. सगळ्यात आधी मामानं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात ना, इथं तर हॉलभर माणसं बुडत होती आणि काडी एकच होती. टकळीला वाटलं, संपलं. पुरावा डोळ्यांसमोर धरला, तरी बघायचं नसेल त्याला कसा दाखवणार?

तेवढ्यात तिची आई उठली. पायऱ्या चढून वर गेली आणि नवऱ्याच्या शेजारी उभी राहिली.

"माई, डोळे मिटा."

"काय, बाळा?"

"डोळे मिटा आणि ह्यांचा हात धरा. अक्षरं ह्यांना दिसतायत ना? तुम्ही तर उशी. उशीला डोळे कशाला लागतात?"

कुणीतरी फिसकन हसलं. वाणीमाईनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. एवढ्या डोळ्यांसमोर नाही म्हणणं शक्य नव्हतं. तिनं डोळे मिटले. बोट हललं, दोन-तीन अक्षरांवरून भरकटलं, त्यांचा काही शब्द होईना. मग ते तक्त्याच्या कडेवरून बाहेर गेलं आणि टेबलाच्या लाकडावर इकडे-तिकडे फिरत राहिलं. सेविका वाचायला तोंड उघडून तशीच उभी राहिली. पेंटरकाका पंख्याकडे बघत होते.

आईनं वाणीमाईच्या तळव्यावरून नवऱ्याचा हात उचलून आपल्या हातात घेतला. "चला," ती म्हणाली.

"हो ना," पेंटरकाका म्हणाले.

दोघींनी त्यांना धरून खाली आणलं. काही लोक त्यांच्यामागून उठले, पण बरेचसे बसूनच राहिले. मागे वाणीमाई माइकवर दूषित स्पंदनांबद्दल बोलत होती आणि पुढचा रुग्ण वर चढत होता. दारात एका बाईनं टकळीचा हात धरला. तिच्या कडेवर मोठं मूल होतं. "माझ्या मुलाचं पण तसंच नसेल ना हो? तो बोटानं मला आई म्हणाला." "तुम्हीही त्यांना डोळे मिटायला सांगा," टकळी म्हणाली.

घरी आल्यावर आईनं नवऱ्याला झोपवलं, चहा केला आणि तो न पिता तशीच बसली.

"ते वाक्य माझंच होतं," ती म्हणाली.

"कुठलं?"

"घराचं. पहिल्या दिवशी त्या सेविकेनं मला व्हरांड्यात बसवून चहा दिला. म्हणाली, मन मोकळं करा. मी सगळं ओकले गं तिच्यापुढं. म्हटलं, मी होते म्हणून यांचं घर होतं, पण एका शब्दानं कधी सांगितलं नाही. तुझ्या कॉलेजचंही मीच सांगितलं, तुझं घरातलं नावसुद्धा." आई हसायला गेली आणि तिला रडू फुटलं. "माझेच शब्द मला परत दिले, आणि मी ते उराशी धरून बसले."

टकळीनं तिला जवळ घेतलं. आपण जिंकलो असं तिला कुठंच वाटलं नाही. आईकडे एकच चांगली गोष्ट होती आणि ती आपण मोडली, असं वाटलं. ते खरंही होतं.

तर अशी ही करामत. व्हरांड्यात चहा पाजून दुःख काढून घ्यायचं आणि स्टेजवर तेच अक्षराअक्षरानं परत करायचं. मधला हात नुसता निमित्ताला. यात पैशाअडक्यापेक्षा मोठी चोरी होती. एका जिवंत माणसाचं "नको" चोरलं जात होतं. त्या भेटींत पेंटर कधी हात मागे ओढायचा, तेव्हा वाणीमाई म्हणायची, जुना विकार बाहेर पडतोय. म्हणून चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एवढंच विचारा: दाखवणाऱ्यानं डोळे मिटले तरी हे होईल का? तपासल्यानं खऱ्याचं काही बिघडत नाही. आणि विचारायला जीव घाबरत असेल, तर तिथं नक्की विचारा.

उपचार पुन्हा सुरू झाले. टकळी रुग्णाचीच मुलगी होती म्हणून मॅडमनी तिला काचेमागेच बसवलं. मॅडम पेंटरसमोर दोन वस्तू ठेवायच्या आणि एक मागायच्या. कधी बरोबर यायची, बरेचदा नाही. "हो ना" वर विसंबू नका, असं मॅडमनी आईला बजावलं होतं. "जे आपल्याला आधीच ठाऊक आहे, ते विचारून बघा. खोट्यालाही हो म्हणत असतील, तर त्यांचं हो अजून खरं धरता येणार नाही."

एका दुपारी टकळी कॉलेजातून घरी आली, तेव्हा आई बाबांसमोर खुर्ची ओढून बसली होती. टकळी दारातच थांबली.

"अहो," आई म्हणाली, "तुम्ही पेंटर ना?"

"हो ना."

आई थांबली. मग म्हणाली, "तुम्ही शिंपी ना?"

"हो ना," बाबा म्हणाले. तेवढ्याच खात्रीनं, तेवढ्याच मनापासून.

आई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. तिसरा प्रश्न घराचा असणार, ते टकळीला समजलं. तो आईच्या ओठांपर्यंत आला होता.

"विचार ना, आई," टकळी हलकेच म्हणाली. पुस्तकं, मॅडम, परीक्षा, सगळं तिनं क्षणभर बाजूला ठेवलं. "हो म्हणतील. तुला बरं वाटेल."

"म्हणून तर नको," आई म्हणाली. "बरं तर त्या बाईकडेही वाटत होतं."

तिनं डोळे पुसले, टेबलावर कप आणि कंगवा ठेवला आणि खुर्ची आणखी पुढे घेतली.

"कप द्या."

बाबांनी दोन्ही वस्तूंकडे बघितलं. कपाळाला आठ्या घालून बराच वेळ बघितलं, आणि कंगवा उचलून तिच्या हातात दिला. आईनं तो परत जागेवर ठेवला.

"हा कंगवा," ती म्हणाली. "पुन्हा बघा. कप द्या."